नकाशांचा कानुजाबता

वसईच्या पश्चिम भागात, पापडीच्या परिसरात, वाडीतल्या जुन्या कौलारू घराच्या जागी चार मजल्यांची इमारत उभी करावी असे एखाद्या कुटुंबाने ठरविले, की त्या एवढ्याशा जमिनीच्या तुकड्याचे सहा-सात निरनिराळे नकाशे थोड्याच दिवसांत जन्मास येतात. भूमि अभिलेख खात्याचा मोजणीचा नकाशा असतो, टोटल स्टेशन लावून केलेला सर्वेक्षकाचा असतो, आर्किटेक्टचा, आर.सी.सी. सल्लागाराचा, नळ-गटाराचे काम पाहणाऱ्याचा आणि विजेच्या कंत्राटदाराचा असे आणखी असतात. आणि या सर्वांचे सार काढून महानगरपालिकेकडे मंजुरीसाठी दाखल करावयाचा तो पुन्हा वेगळाच. ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर आणि शाईचे पेन यांच्या काळात ही सारी मंडळी निदान एकाच प्रकारच्या साधनाने एकाच प्रकारच्या कागदावर रेघा ओढीत असत. आज त्यांतला एक नकाशा ऑटोकॅडमध्ये, दुसरा रेव्हिटमध्ये, तिसरा स्टाड किंवा ईटॅब्सच्या हिशेबावरून टेकलामध्ये, आणि शेजारचा रस्ता वा नाला मोठा असेल तर आणखी एखादा सिव्हिल थ्रीडी अथवा ओपनरोड्समध्ये तयार होतो. या साऱ्या कारागिरांनी एकाच भिंतीविषयी बोलावे आणि ती भिंत सर्वांच्या कागदांत एकाच ठिकाणी, एकाच जाडीची आणि एकाच नावाची निघावी, यासाठी काम सुरू होण्यापूर्वी जी व्यवस्था लावून ठेवावी लागते, तिला या धंद्यातील लोक कॅड स्टँडर्ड किंवा नुसते ‘सेटिंग’ म्हणतात. ही व्यवस्था दिसत नाही, तिचे बिल कोणी लावीत नाही, आणि ती बिघडली म्हणजेच तिचे अस्तित्व लक्षात येते.

या व्यवस्थेत असते तरी काय? मिसळणाच्या डब्यात मोहरी कोठे, हळद कोठे हे ठरलेले असले म्हणजे घरातील कोणीही न पाहता फोडणी देऊ शकते. तसा नव्या कामाच्या आरंभी उघडावयाचा एक टेम्प्लेट असतो, त्यात भिंत, खांब, दार, खिडकी, मोजमापे आणि अक्षरे यांचे स्वतंत्र लेयर आधीच पाडलेले असतात. प्रत्येक लेयरचा रंग, रेघेची जात आणि छपाईतील जाडी नेमून दिलेली असते. कागदाच्या उजव्या बाजूचा टायटल ब्लॉक, अक्षरांची उंची, उत्तर दिशेचा बाण, संडास-बेसिनपासून दाराच्या पाकळीपर्यंत तयार ब्लॉकांचा साठा, फाईलला नाव देण्याची रीत, आणि नकाशा बदलला तर रिव्हिजनचा क्रमांक कोठे व कसा लिहावयाचा हा शिरस्ता, हे सारे त्यातच येते. कागदावरील रेखनकलेची ही शिस्त भारतीय मानक ब्यूरोने विद्यार्थ्यांसाठी एसपी 46 या 1988 च्या पुस्तकात घालून दिली आहे, आणि पदविकेच्या वर्गात बसलेल्या प्रत्येकाने ती घोकलेली असते. परंतु कागदावर जी शिस्त हाताला लावता येत असे, ती यंत्राला लावताना यंत्राच्या स्वभावाप्रमाणे लावावी लागते, आणि येथे यंत्रे अनेक असून प्रत्येकाचा स्वभाव भिन्न आहे.

रेघेच्या जाडीचेच पाहावे. ऑटोकॅडच्या जुन्या वहिवाटीत जाडी रंगावरून ठरते: रेघ लाल असेल तर अमुक पेन, पिवळी असेल तर तमुक, आणि कोणत्या रंगाला कोणते पेन याचा तक्ता एका वेगळ्या लहान फाईलमध्ये असतो. नकाशा मेलने धाडताना ही लहान फाईल बरोबर धाडण्याचे विसरले, तर दुसऱ्या कचेरीत तोच नकाशा त्यांच्या तक्त्याबरहुकूम छापून निघतो. मग बाहेरची भिंत केसासारखी बारीक आणि मोजमापांच्या रेघा मात्र काजळाने ओढल्यासारख्या जाड, असा उफराटा कागद साइटवरच्या मुकादमाच्या हातात पडतो. मायक्रोस्टेशन या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जाडी शून्य ते एकतीस अशा क्रमांकांनी सांगतात. ऑटोकॅडचा जो लेयर, तो तेथे लेव्हल. आणि 2001 मध्ये आठवी आवृत्ती येईपर्यंत एका नकाशात अशा लेव्हल त्रेसष्टच असत, त्याही नावांच्या नव्हे, नुसत्या आकड्यांच्या. रेव्हिटमध्ये तर लेयर हा प्रकारच नाही. तेथे भिंत ही भिंत म्हणूनच यंत्राला ठाऊक असते, आणि ती ऑटोकॅडकडे पाठविताना कोणत्या लेयरवर उतरावी हे सांगणारा तर्जुम्याचा तक्ता वेगळा भरून ठेवावा लागतो. तेव्हा अनेक सॉफ्टवेअरांना मिळून एक मानक करावयाचे, तर ते ‘लाल रेघ’ किंवा ‘लेव्हल 12’ अशा यंत्राच्या बोलीत लिहून चालत नाही. आधी बाहेरची भिंत, आतली भिंत, पाण्याचा नळ, सांडपाण्याचा नळ अशी वस्तूंची यादी करावी, आणि मग तीतील प्रत्येक वस्तूपुढे ऑटोकॅडमध्ये ती कशी, मायक्रोस्टेशनमध्ये कशी, रेव्हिटमध्ये कशी हे रकाने मांडावेत. बहुतेक कचेऱ्या नेमके याच्या उलट करतात. ज्या सॉफ्टवेअरचा परवाना आधी विकत घेतला त्याच्या सवयींनाच मानक समजतात, आणि दुसरे सॉफ्टवेअर आले की त्यावर त्या सवयींचे ठिगळ लावीत बसतात.

एककांचा घोळ याहून जुना आहे. वसईत आजही जमिनीचा मालक गुंठ्यांत बोलतो, सातबारा हेक्टर आणि आर यांत लिहिलेला असतो, आर्किटेक्ट मिलिमीटरमध्ये रेखाटतो आणि सर्वेक्षक मीटरमध्ये. गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद, अर्थात 1089 चौरस फूट, म्हणजे सुमारे 101.17 चौरस मीटर. आर म्हणजे बरोबर 100 चौरस मीटर. दोहोंना एकच समजून व्यवहार करण्याची सवय फार आहे, आणि लहान तुकड्यावर ती खपूनही जाते. संगणक मात्र असल्या सवयीला क्षमा करीत नाही. मिलिमीटरमध्ये काढलेला संडासाच्या भांड्याचा ब्लॉक मीटरमध्ये काढलेल्या सर्वेक्षणाच्या नकाशात आणून ठेवला आणि एकक सांगणारे सेटिंग रिकामे राहिले, तर सहाशे मिलिमीटरचे ते भांडे सहाशे मीटरचे होते आणि पापडीचे तळे आपल्या पोटात घेऊन बसते. ही चूक निदान डोळ्यांना दिसते म्हणून निभावते.

जी दिसत नाही ती उंचीची. कोणतीही जोते पातळी ‘कशापासून’ मोजली हे नकाशाने सांगितलेच पाहिजे. बृहन्मुंबई महानगरपालिकेचा व्यवहार टाउन हॉल डेटम या स्वतःच्या आधारपातळीवर चालत आला आहे, आणि खाडी ओलांडून इकडे आले की भारतीय सर्वेक्षणाच्या सरासरी समुद्रसपाटीवरचे आकडे भेटतात. दोहोंतील अंतर बोटाबोटाचे नसून कित्येक मीटरांचे आहे. ऱ्हाइन नदीवरील लाउफेनबुर्ग येथे जर्मनी आणि स्वित्झर्लंड यांनी दोन्ही काठांवरून पूल बांधावयास घेतला, तेव्हा एक देश उत्तर समुद्रावरून आणि दुसरा भूमध्य समुद्रावरून उंची मोजतो व त्या दोहोंत 27 सेंटिमीटरांचा फरक आहे, हे दोन्ही बाजूंच्या अभियंत्यांना पक्के ठाऊक होते. पण हिशेबात अधिकाच्या जागी उणे चिन्ह पडले आणि 2003 मध्ये पुलाच्या दोन टोकांत 54 सेंटिमीटरांची तफावत निघाली. ज्ञान दोन्हीकडे होते. ते एकाच ठिकाणी, एकाच चिन्हासह नोंदलेले नव्हते.

शिवकाळातील जमीनमोजणीची जी हकीकत बखरकार सभासदाने नोंदविली आहे ती या दृष्टीने मोठी उद्बोधक आहे. अण्णाजी दत्तो यांच्या देखरेखीखाली झालेल्या त्या मोजणीसाठी काठी ठरविली ती पाच हात आणि पाच मुठींची. एवढ्यावर थांबते तर त्या मानकाला काही किंमत राहिली नसती, कारण हात कोणाचा हा प्रश्न गावोगाव निघाला असता. म्हणून हातही चौदा तसूंचा असावा असे ठरविले, हात आणि मुठी मिळून काठीची लांबी ब्याऐंशी तसू नेमली, अशा वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद तो बिघा, आणि एकशेवीस बिघ्यांचा एक चावर असे शेवटपर्यंत बांधून दिले. ज्या जागी मनुष्याला आपल्या मनाने काही ठरविण्याची मुभा राहू नये, ती जागा ओळखून नेमकी तीच बंद करावयाची, हे कौशल्य आजच्या सॉफ्टवेअरच्या व्यवस्थापकाला ज्या मानाने साधते त्या मानानेच त्याचे मानक टिकते.

आता अशी मुभा कोणाला किती द्यावयाची, याचे शास्त्र या सॉफ्टवेअरांतच बांधलेले असते, हे पुष्कळदा ती रोज वापरणाऱ्यांनाही ठाऊक नसते. मायक्रोस्टेशन आणि त्याच घराण्यातील ओपनरोड्स, ओपनब्रिज वगैरे मंडळी सुरू होताना सेटिंगाच्या साध्या मजकुराच्या फाईली एकामागून एक वाचीत जातात. त्यांच्या शून्य ते सहा अशा सात पायऱ्या आहेत: प्रथम सिस्टीम, मग ॲप्लिकेशन, मग सारी संस्था, मग त्या संस्थेतील एखादे खाते किंवा एखादा ग्राहक, मग विशिष्ट प्रकल्प, मग कामाची भूमिका, आणि सर्वांच्या शेवटी स्वतः वापरणारा. महसुली कारभारात आयुक्त, जिल्हाधिकारी, प्रांत, तहसीलदार, मंडळ अधिकारी आणि तलाठी अशी उतरंड असते, आणि तेथे वरच्याचा हुकूम खालच्यावर चालतो. येथे मात्र जो शेवटी वाचला जातो त्याचा शब्द प्रमाण ठरतो. म्हणजे तलाठ्याच्या नोंदीने जिल्हाधिकाऱ्याचा आदेश पुसला जावा असा हा प्रकार आहे. टेकलामध्ये वाचण्याचा क्रम याच्या उलट आहे. ते आधी चालू कामाच्या फोल्डरात पाहते, मग प्रकल्पाच्या, मग फर्मच्या, आणि शेवटी मूळ सिस्टीमच्या. पण जे प्रथम सापडेल ते ते घेते, म्हणून परिणाम तोच, सर्वांत जवळचा तो सर्वांत बलवान.

हा कारभार उफराटा वाटला तरी अकारण नाही. एखाद्या प्रकल्पाच्या ग्राहकाला वेगळा टायटल ब्लॉक हवा असतो, एखाद्या आरेखकाला चष्म्यामुळे पडद्यावरील पार्श्वभूमी पांढरीच लागते, आणि या गोष्टींसाठी दर वेळी मुख्य कचेरीची परवानगी मागावयास लावणे म्हणजे काम बंद पाडणे होय. पण एकक, आधारपातळी, अक्षांश-रेखांशांची पद्धती आणि लेयरची नावे यांना हात लावण्याची सवलत कोणालाही असता कामा नये, आणि त्यासाठीच वरच्या पायरीवर एखादी नोंद करून तिला कुलूप लावण्याची सोय मायक्रोस्टेशनने ठेवली आहे; कुलूप पडले की खालची कोणतीही फाईल ती नोंद बदलू शकत नाही. कोणत्या चार-सहा गोष्टींना कुलूप लावावयाचे आणि बाकी साऱ्या मोकळ्या सोडावयाच्या, या एका निर्णयावर सारी व्यवस्था तोलली जाते. सगळेच कुलुपबंद केले तर लोक चोरवाट काढतात, आपल्या यंत्रावर जुन्या टेम्प्लेटची नक्कल करून घेतात आणि तिच्यावरच काम करतात. आणि अशा दहा नकला दहा यंत्रांवर झाल्या की मूळ प्रत असून नसल्यासारखी होते.

नकलांचा हा रोग केवढ्या थोरांना जडू शकतो याचे प्रसिद्ध उदाहरण एअरबसच्या ए380 या दुमजली विमानाचे आहे. त्या विमानात सुमारे 530 किलोमीटर लांबीच्या विद्युत तारा होत्या. जर्मनी आणि स्पेनमधील अभियंते कॅटिया या एकाच सॉफ्टवेअरच्या चौथ्या आवृत्तीत काम करीत होते, तर फ्रान्स आणि ब्रिटनमधील मंडळी पाचवीत. नाव एक, कंपनी एक, पण दोन्ही आवृत्त्यांचा अंतर्गत घाट इतका वेगळा, की एकीतील बदल दुसरीत बिनचूक उतरत नसे. हॅम्बुर्गहून आलेल्या तारांच्या जुड्या तुलूज येथे विमानात ओवताना आखूड पडू लागल्या, आणि 2006 मध्ये कंपनीला विलंबाच्या घोषणांवर घोषणा कराव्या लागून मुख्य अधिकाऱ्याला पायउतार व्हावे लागले. पहिले विमान सिंगापूर एअरलाइन्सच्या हाती पडले ते ऑक्टोबर 2007 मध्ये, मूळ वेतापेक्षा सुमारे दीड वर्ष उशिरा. भिन्न सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना आपण भिन्न आहोत याची जाणीव तरी असते. एकच सॉफ्टवेअर वापरतो या भरवशावर असलेल्यांना तीही नसते.

मराठी मुलखापुरती या रोगाची एक खास तऱ्हा आहे, ती अक्षरांची. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी नकाशांवरील गावांची आणि सर्व्हे नंबरांची नावे श्रीलिपीच्या किंवा आयएसएमच्या योगेशसारख्या फॉन्टांत लिहिली जात, आणि त्या फॉन्टांत देवनागरी अक्षर हे वस्तुतः रोमन अक्षराच्या जागेवर बसविलेले चित्र असे. तो फॉन्ट ज्या यंत्रावर नाही तेथे ‘पापडी’ उघडले की रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांची अगम्य गिचमीड उमटते. असे नकाशे आजही दफ्तरांत हजारोंनी असतील. फॉन्टची फाईल हीदेखील मानकाचाच भाग आहे आणि ती मूळ प्रतीबरोबर जतन केली पाहिजे, हे त्या काळी कोणी सांगितले नाही.

महाराष्ट्रात या विषयाची सर्वांत मोठी कसोटी लागली ती बांधकाम परवानगीच्या क्षेत्रात. वसई-विरार उपप्रदेशासाठी 1990 पासून सिडको हे नियोजन प्राधिकरण होते. 3 जुलै 2009 रोजी चार नगरपरिषदा आणि भोवतालच्या ग्रामपंचायती मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका झाली आणि पुढे नियोजनाचा कारभार तिच्याकडे आला. राज्यभर अशा जितक्या संस्था तितक्या विकास नियंत्रण नियमावल्या होत्या. बाल्कनी क्षेत्रफळात धरावयाची की नाही, जिन्याची सूट किती, सामासिक अंतर किती, हे दर शहरी बदलत असल्यामुळे आर्किटेक्टचा टेम्प्लेटही दर शहरी बदलत असे. 2 डिसेंबर 2020 रोजी राज्य शासनाने एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली अधिसूचित केली, आणि बृहन्मुंबई, औद्योगिक विकास महामंडळाचे क्षेत्र, नवी मुंबई विमानतळाभोवतीचे नैना क्षेत्र, गिरिस्थानांच्या नगरपरिषदा असे काही अपवाद वगळता सारा महाराष्ट्र एका नियमावलीखाली आला. तत्पूर्वीच पुण्याच्या सॉफ्टटेक इंजिनियर्स या कंपनीचे ऑटोडीसीआर हे सॉफ्टवेअर अनेक महापालिकांत नकाशे तपासू लागले होते. त्याची रीत अशी, की भूखंड, रस्ता, मजला, खोली, जिना, पार्किंग या प्रत्येकासाठी नेमून दिलेल्या लेयरवरच अर्जदाराने बंद आकृती काढावयाची. मग यंत्र त्या आकृतींची क्षेत्रफळे स्वतः मोजून नियमाशी ताडून पाहते. खोली चुकून जिन्याच्या लेयरवर पडली, तर यंत्राच्या लेखी त्या घरात एक खोली कमी आणि एक जिना अधिक.

या पद्धतीविषयी आर्किटेक्टांत कुरबुर आहे, आणि ती सर्वस्वी खोटी नाही. मंजुरीसाठी काढलेला नकाशा आणि प्रत्यक्ष बांधण्यासाठी काढलेला नकाशा हे दोन वेगळे दस्तऐवज होऊन बसतात; एकात बदल केला की दुसऱ्यात हाताने करावा लागतो, आणि दोहोंतील अंतर वाढत जाते. दोष तपासणाऱ्या यंत्राचा नाही. लेयरांची यादी तपासणीच्या सोयीने ठरली. ती बांधणाऱ्यांच्या रोजच्या टेम्प्लेटशी जोडून देणारा तर्जुम्याचा तक्ता, प्रमुख सॉफ्टवेअरांसाठी, शासनाने स्वतः तयार करून मोफत प्रसिद्ध करावयास हवा. नियम एक केले आणि ते पाळण्याची साधने प्रत्येकाने आपापली जुळवावी असे म्हटले, तर अर्धेच काम झाले. शिवाय नियमावलीत दुरुस्त्या होत राहतात. प्रत्येक दुरुस्तीबरोबर तक्त्याची कोणती आवृत्ती कोणत्या तारखेपासून लागू, हे जाहीर झाले नाही तर मंजुरीच्या खिडकीवर तेच नकलांचे पुराण सुरू होते.

मोठ्या प्रकल्पांत ही जबाबदारी कोणाची हे आता करारातच लिहिले जाऊ लागले आहे. नागपूर मेट्रोचे काम करताना महामेट्रोने त्रिमिती आराखड्याला वेळापत्रक आणि खर्च यांची जोड देणारी, पंचमितीय म्हणविली जाणारी पद्धत आरंभापासून अवलंबिली, आणि निरनिराळ्या सल्लागारांचे आराखडे बेंटली कंपनीच्या प्रोजेक्टवाइज या सामाईक भांडारात ठेवविले. मार्च 2019 मध्ये त्या मेट्रोची प्रवासी सेवा सुरू झाली. 2018 च्या आयएसओ 19650 या आंतरराष्ट्रीय मानकातही हाच विचार आहे: प्रत्येक फाईल ही चालू कामातील, इतरांशी वाटलेली, अधिकृतपणे प्रसृत केलेली किंवा दफ्तरबंद, यांपैकी कोणत्या अवस्थेत आहे ते सर्वांना एकाच ठिकाणी दिसावे. विरार-अलिबाग मार्गासारखे, वसई तालुक्यातच आरंभ पावणारे सव्वाशे किलोमीटरांचे काम, अशा व्यवस्थेवाचून रेटणे आज अशक्यच म्हणावे लागेल.

लहान कचेऱ्यांची स्थिती मात्र वेगळी आहे. पापडीत काय किंवा साताऱ्यात काय, चार संगणक आणि तीन ड्राफ्ट्समन असलेल्या ठिकाणी मानक सांभाळणे हे कोणाचेच काम नसते. जो मुलगा संगणकात थोडा हुशार तो फावल्या वेळात टेम्प्लेट नीट करतो, आणि त्याला पुण्यात अधिक पगाराची जागा मिळाली की सारी विद्या त्याच्याबरोबर निघून जाते. पेशव्यांच्या दफ्तरात फडणिसाला जो मान होता तो या माणसाला मिळावा असे कोणी म्हणणार नाही. पण आठवड्यातील अर्धा दिवस त्याच्या नावे लिहून ठेवावा, मूळ प्रत सर्व्हरवरच्या एकाच फोल्डरात असावी, तिच्यात बदल करण्याचा अधिकार त्या एकालाच असावा, आणि केलेल्या प्रत्येक बदलाची तारीख व कारण एका साध्या वहीत नोंदले जावे, एवढी तजवीज कोणत्याही कचेरीला परवडण्यासारखी आहे. कंपन्या यासाठी महागडी सॉफ्टवेअरे विकतात. ती घ्यावीत की नाही हा पुढचा प्रश्न. वही नसलेल्या कचेरीला ती वाचवू शकत नाहीत.

हे सारे अभियंत्यांचे आपसातले प्रकरण आहे असे समजून वाचकाने स्वस्थ बसू नये. आपल्या वाडीचा विकास होत असेल किंवा सोसायटीचा पुनर्विकास, तर काम संपताना छापील नकाशांच्या गुंडाळीवर समाधान मानू नये. ऑटोकॅडच्या मूळ डीडब्ल्यूजी किंवा मायक्रोस्टेशनच्या डीजीएन फाईली, त्यांना लागणारे फॉन्ट, रेघांच्या जाडीचा तक्ता, लेयरांची अर्थासह यादी, आणि मोजमापाचे एकक व उंचीची आधारपातळी स्पष्ट लिहिलेला एक कागद, एवढे आर्किटेक्टकडून मागून घ्यावे, आणि ते मिळेल असे करारनाम्यातच आधी लिहून घ्यावे.